बैलाची वेसण आणि सूर्याची वीज

श्रोतेहो, शब्द कधी कधी इतिहास उलटा सांगतात. ऊन, वारा, वाहतं पाणी आणि शेण यांच्यापासून मिळणाऱ्या शक्तीला आपण 'अपारंपरिक ऊर्जा' म्हणतो आणि आपल्या भागात जेमतेम दीडशे वर्षांपूर्वी आलेल्या कोळशाला, त्याच्याही नंतर आलेल्या डिझेलला 'पारंपरिक' म्हणतो. माझं आयुष्य इतिहास शिकवण्यात गेलं. त्यामुळे हे नाव ऐकलं की मला थोडी गंमत वाटते. माणसानं हजारो वर्षं जी शक्ती वापरली ती अपारंपरिक कशी? आमच्या श्रीगोंदा तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या पणजोबाला कोळसा ठाऊक नव्हता. त्याची सगळी शेती उन्हावरच चालत होती. फक्त ते ऊन आधी कडब्यात उतरायचं, कडबा बैलाच्या पोटात जायचा आणि बैलाच्या खांद्यावरून ते नांगराला, मोटेला मिळायचं.

म्हणून हवामानबदल आणि नव्या ऊर्जेविषयी बोलताना मी पॅरिस किंवा दिल्लीपासून सुरुवात करणार नाही. मी काष्टीपासून सुरुवात करतो.

दौंडहून भीमा ओलांडून नगरच्या दिशेनं निघालं की थोड्याच अंतरावर काष्टी लागतं. गावाला रेल्वेचं स्टेशन आहे, आसपास ऊस आहे, लिंबाच्या बागा आहेत. पण पंचक्रोशीच्या बाहेर या गावाची ओळख आहे ती शनिवारच्या जनावरांच्या बाजारामुळे. आज या बाजारात गेलात तर नजर जाते ती संकरित गाईंच्या दावणींवर. गिऱ्हाईक कासेकडे पाहतं, दोन्ही वेळचं दूध किती ते विचारतं. माझ्या लहानपणी मात्र बाजार म्हणजे बैल. खांद्यावर घोंगडी टाकलेले शेतकरी, हातात चाबूक घेतलेले हेडी, आणि उपरण्याखाली बोटं धरून चाललेला भाव. बैलाचं तोंड उघडून दात मोजायचे. आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळला आहे, यावर त्याचं वय आणि मोल ठरायचं. मग त्याला चालवून बघायचं, खांदा चाचपायचा, खूर पाहायचे.

ही सगळी पारख कशासाठी होती? तो शेतकरी पुढच्या आठ-दहा वर्षांची ऊर्जा विकत घेत होता. आज आपण सौरपंप घेताना विचारतो ना, पॅनल किती वॅटचं, हमी किती वर्षांची, तोच हा प्रश्न. काष्टीचा बाजार हा त्या काळातला ऊर्जेचा बाजार होता. इंधन होतं कडबा. आपल्या भागातल्या शेतकऱ्यानं रब्बीची ज्वारी इतकी जपली ती निव्वळ भाकरीसाठी नाही. कणसाचे दाणे माणसाला आणि ताट बैलाला, असा तो दुहेरी हिशेब होता. बुटक्या, जास्त दाण्याच्या नव्या जाती आल्या तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी नाकं मुरडली, त्याचं कारणही हेच. दाणे वाढले, पण कडबा कमी झाला तर औत ओढणार कोण?

या व्यवस्थेत एक गोष्ट फार महत्त्वाची होती. बैल सगळ्यांकडे पुरेसे नसत. काळ्या, भारी जमिनीत लाकडी नांगर धरायचा तर सहा-सहा, आठ-आठ बैल लागत. एवढे बैल एका घरात कुठून असणार? म्हणून 'सावड' होती. एक बैल तुझा, एक माझा, आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात. 'इर्जिक' होतं, म्हणजे साऱ्यांनी आपापली औतं घेऊन एकाच्या शेतात जायचं आणि दिवसात काम उरकायचं. ऊर्जा दुर्मीळ होती म्हणून ती वाटून घ्यायचे नियम गावानं बनवले होते. हे नियम कुठल्या कायद्यात लिहिलेले नव्हते. जो पाळत नसे त्याच्या रानात पुढच्या वर्षी कुणी जात नसे, एवढी शिक्षा पुरेशी होती.

आता मोटेकडे येऊ, कारण माझा मुख्य मुद्दा तिथेच आहे. चामड्याची मोट, जाड नाडा, सोंडेला बांधलेला बारीक सोल, वर चाक, समोर थारोळं आणि उताराची धाव. बैल धावेवरून खाली उतरले की मोट वर येते, थारोळ्यात रिकामी होते, बैल मागे सरकले की पुन्हा खाली जाते. आपण एक ढोबळ हिशेब करू. मोटेत दीडशे लिटर पाणी मावतं आणि विहिरीतलं पाणी दहा मीटर खोल आहे, म्हणजे जुन्या मापानं पाच-सहा परस, असं धरा. मिनिटाला एक खेप झाली तर तासाला नऊ हजार लिटर पाणी निघतं. सहा तास मोट चालली तर चोपन्न हजार लिटर. त्यानंतर बैल सोडावेच लागतात. ते दमतात, मोटकरीही दमतो. मोट तळाला टेकायला लागली की गाळ येतो, मग विहिरीला विसावा द्यावा लागतो. रात्रभर झरे पाझरतात आणि सकाळपर्यंत पाणी पुन्हा चढतं.

म्हणजे मोटेला तिचा स्वतःचा लगाम होता. जमिनीत जितकं मुरतं त्याहून फार जास्त उपसायची ताकदच तिच्यात नव्हती. लोक शहाणे होते म्हणून भूजल टिकलं असं मी म्हणणार नाही. बैल दमत होता म्हणून ते टिकलं.

पण हा काळ सोन्याचा होता, असा समज कुणी करून घेऊ नये. ज्या व्यवस्थेचं इंधन पावसावर उगवतं ती व्यवस्था पाऊस गेला की कोलमडते. नगर जिल्हा पर्जन्यछायेतला. आमच्या तालुक्यात वर्षाचा पाऊस साधारण पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही येईल तेव्हा खरा. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि पाहता पाहता तो श्रीगोंदा, पारनेरपर्यंत पसरला. इतिहासात तो 'दख्खनचे दंगे' म्हणून नोंदला गेला आहे. लोकांनी कर्जाची कागदपत्रं जाळली. पुढच्याच वर्षी, १८७६ मध्ये, मोठा दुष्काळ पडला आणि तो १८७८ पर्यंत चालला. त्यानंतर १८९६-९७ चा, आणि लगेच १८९९-१९०० चा 'छप्पन्नचा दुष्काळ'.

या दुष्काळांत माणसं मेली ती आपण मोजतो. जनावरं मेली त्याचा अर्थ मात्र नीट लक्षात घेत नाही. बैल मेले म्हणजे गावाची ऊर्जा गेली. पुढच्या मृगात चांगला पाऊस झाला तरी नांगर ओढायला खांदा नाही. दुष्काळ एका वर्षाचा असला तरी त्याचा फटका तीन-चार वर्षं पुरायचा, तो यामुळे. नवा बैल घ्यायचा तर पुन्हा सावकाराचं दार.

याच दुष्काळात काष्टीवरून नवी ऊर्जा धावू लागली. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. त्याच्या भरावाचं काम दुष्काळी काम म्हणून झालं होतं. उपाशी माणसांनी माती वाहिली आणि त्या मातीवरून कोळशाची गाडी गेली. गाडीमुळे धान्य आणता येऊ लागलं, हे खरंच. रेल्वेनं केलेला उपकार नाकारण्याचं कारण नाही. पण त्या दिवसापासून आपला भाग एका नव्या हिशेबात ओढला गेला. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जंगलांनी साठवलेलं ऊन जमिनीखालून काढायचं आणि एका दिवसात जाळायचं, असा तो हिशेब.

योगायोग पाहा. १८९६ मध्ये आपल्याकडे दुष्काळाची चाहूल लागली होती. त्याच वर्षी स्वीडनमधल्या स्वान्ते अऱ्हेनियस या शास्त्रज्ञानं हवेतला कार्बन डायॉक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल, याचं गणित मांडलं. कागद-पेन्सिलीवर केलेलं गणित होतं ते. थंड देशात राहणाऱ्या अऱ्हेनियसला थोडी ऊब वाढणं फारसं वाईट वाटलं नव्हतं. पुढं १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ इथं हा वायू रोज मोजायला सुरुवात झाली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे ३१५ भाग होते. आज तो आकडा ४२० च्या वर गेला आहे. ज्यांनी कोळसा आणि तेल सर्वांत जास्त जाळलं ते देश वेगळे आणि ज्यांच्या ज्वारीचं त्यामुळे नुकसान होतं ती गावं वेगळी, ही त्यातली अन्यायाची बाजू.

पण आपणही बाजूला राहिलो नाही. आमच्या विहिरीपर्यंत तेल पोचलं ते स्वातंत्र्यानंतर. पुण्यात खडकीला १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत महाराष्ट्रभर विहिरींवर इंजिनांची धडधड सुरू झाली. आमच्या विहिरीवर इंजिन आलं तेव्हा मी शाळेत होतो. आजोबांनी मोट काढून गोठ्याच्या आढ्याला टांगली. इंजिनाला कडबा लागत नाही, ते दमत नाही, याचं सगळ्यांना अप्रूप होतं. पण इंजिनालाही लगाम होता. तेल विकत आणावं लागे. १९७३ मध्ये जगात तेलाचे भाव भडकले, त्याची झळ थेट बांधापर्यंत आली. गरजेपुरतं पाणी निघालं की लोक इंजिन बंद करत.

मग वीज आली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं आणि खेड्यांत खांब दिसू लागले. १९७२ च्या दुष्काळानं या बदलाला फार मोठी गती दिली. त्या दुष्काळाची आठवण माझ्या पिढीला सुकडीच्या चवीसह आहे. खडी फोडायच्या कामावर आया जायच्या आणि आम्ही पोरं मागं मागं. त्या वर्षी विहिरी आटल्या आणि खडकात खोल छिद्र पाडणारी यंत्रं सरकारनं पिण्याच्या पाण्यासाठी आणली. पुढं तीच यंत्रं शेतीसाठी आली. 'बोअर' हा शब्द मराठी झाला. पाझर तलाव आणि रोजगार हमी योजना ही त्या दुष्काळाची एक देणगी. बोअर ही दुसरी.

घोड धरणाचा आणि पुढं कुकडीचा कालवा तालुक्यात आला, साखर कारखाना आला, ऊस आला. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी सुरू झाली. म्हणजे पाच अश्वशक्तीची मोटर तासभर चालवा की दहा तास, बिल तेवढंच. शेतकऱ्याला हिशेब सोपा झाला, पण लगाम सुटला. तेलाच्या इंजिनाला खर्चाचा लगाम होता, बैलाला थकव्याचा होता. विजेच्या मोटरीला यातला एकही उरला नाही.

आता मघाचा हिशेब पुन्हा करू. पाच अश्वशक्तीची मोटर दहा मीटरवरून तासाला साठ हजार लिटरच्या आसपास पाणी उपसते. बैलजोडी सहा तासांत जे काम करायची ते ती एका तासात करते. म्हणूनच मोटरीनं शेतकऱ्याच्या आयुष्यात क्रांती केली, यात शंका नाही. पण उपसा वाढला तसं पाणी खाली गेलं. ते साठ मीटरवर गेलं की तीच मोटर तासाला फार तर दहा हजार लिटर उपसते. म्हणजे जवळपास तेवढंच, जेवढं आजोबांची मोट उपसत होती! मधल्या पन्नास वर्षांत खांब रोवले, तारा ओढल्या, चंद्रपूर-कोराडीला कोळसा जाळला आणि त्यातली बहुतेक शक्ती पाणी वर आणण्यात नाही, तर आपणच खोल घालवलेल्या पाण्याचा पाठलाग करण्यात खर्च झाली. श्रोतेहो, मला वाटतं आपल्या दुष्काळी भागाचा अर्ध्या शतकाचा ऊर्जेचा इतिहास या एका हिशेबात आहे.

मोटरीला लगाम बसला तो वेगळ्याच मार्गानं, भारनियमनाच्या रूपानं. विजेचा तुटवडा झाला तसं शेतीला दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, आलटून पालटून, असं वेळापत्रक आलं. रात्री बारा वाजता वीज येणार, म्हणून थंडीत बॅटरी घेऊन रानात जायचं. पायाखाली साप आहे की नाही, कळत नाही. उसाच्या पट्ट्यात बिबट्या आला तेव्हापासून तर घरातलं माणूस परत येईपर्यंत बाईला झोप लागत नाही. आमच्या भावकीतला एक तरुण असाच पहाटे बारं द्यायला गेला आणि सर्पदंशानं गेला. त्याच्या घरी मी बसायला गेलो तेव्हा त्याची आई एवढंच म्हणाली, "दिवसा लाईट असती तर पोरगं डोळ्यानं बघून चाललं असतं." ऊर्जेचं धोरण हा विषय माझ्या मनात त्या वाक्यापासून सुरू होतो.

यात आता हवामानाचा बदल मिसळला आहे. दुष्काळ आपल्याला नवा नाही. नवं आहे ते पावसाचं वागणं. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं झालेलं एक संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्रही येतो, व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या, असं त्यात दिसलं. एकूण पाऊस मात्र वाढलेला नाही. म्हणजे तोच पाऊस थोड्या दिवसांत धो धो पडतो आणि मधे कोरडे खंड पडतात. असा पाऊस जमिनीत मुरत नाही, वाहून जातो. आपल्या जिल्ह्यानं २०१२, २०१५ आणि २०१८ असे दुष्काळ एका दशकात पाहिले. चारा छावण्यांत माणसं जनावरांपाशी मुक्कामाला राहिली. लगेच २०१९ मध्ये ऑक्टोबर संपला तरी पाऊस थांबेना, काढणीला आलेली पिकं शेतातच सडली. सरासरी काढली तर सगळं ठीक दिसतं, पण सरासरीवर पीक येत नाही.

मग उपाय काय? कोळसा कमी करायचा आणि ऊन-वारा-पाण्याकडे वळायचं, हे तर जगानं ठरवलं आहे. २०१५ मध्ये पॅरिस करार झाला. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट भारतानं २०२१ मध्ये जाहीर केलं. देशाची सौरऊर्जेची क्षमता २०२५ च्या सुरुवातीला एक लाख मेगावॅटच्या पुढं गेली. आणि या बाबतीत आपला अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा मागे नाही. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं, पुढं त्याच्या पाण्यावर वीज तयार होऊ लागली. त्याच तालुक्यात घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ पासून चालतो. मागणी कमी असताना खालच्या तलावातलं पाणी वर चढवायचं आणि मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची, अशी त्याची रीत. कोकणकड्यावरची ती एक प्रचंड बॅटरीच आहे. ऊन रात्री नसतं, त्यामुळे असे प्रकल्प येत्या काळात फार मोलाचे ठरणार आहेत. पारनेर तालुक्यातल्या सुप्याजवळ (हे सुपे वेगळं, उठावाचं सुपे वेगळं) कवड्या डोंगरावर पवनचक्क्या फिरतात. साखर कारखाने उसाच्या चिपाडावर वीज करतात. आणि शेतीला दिवसा वीज देण्यासाठी राज्यानं २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, तेव्हा सुरुवातीचा प्रकल्प राळेगणसिद्धीला उभा राहिला.

या योजनेची पुढची पायरी २०२३ मध्ये आली. गावाजवळच्या उपकेंद्रापाशी सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज द्यायची. त्यासाठी जमीन भाड्यानं देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये देण्याची तरतूद केली गेली. २०२४ मध्ये 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आली. सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्यानं दहा टक्के रक्कम भरायची, अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यानं पाच टक्के. त्याच वर्षी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पाच वर्षांसाठी मोफत वीज जाहीर झाली. राज्यात अशा शेतकऱ्यांची संख्या सुमारे ४४ लाख.

दिवसा वीज मिळणं ही दयेची बाब नाही, तो शेतकऱ्याचा हक्क आहे, आणि सूर्यानं तो शक्य केला आहे. ज्या आईचं वाक्य मी सांगितलं तिला याहून दुसरं उत्तर नाही. तेव्हा सौरऊर्जेचं मी मनापासून स्वागत करतो.

पण इतिहास शिकवणाऱ्यानं पुढचा प्रश्न विचारायला हवा. बैल दमत होता. तेलाला पैसे पडत होते. विजेला भारनियमन होतं. सौरपंपाला काय आहे? सूर्य उगवला की पंप चालू, मावळला की बंद. इंधनाचा खर्च शून्य. आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस लख्ख ऊन. आणि सर्वांत कडक ऊन नेमकं मार्च ते मे या महिन्यांत, जेव्हा विहिरीत पाणी सर्वांत कमी असतं. म्हणजे आपल्या इतिहासात पहिल्यांदाच अशी ऊर्जा आली आहे, जी उपसा करताना स्वतःहून कधीच थांबा म्हणणार नाही. कोळशाचा धूर गेला तरी कोरडी विहीर कोरडीच राहील. सूर्य फुकट आहे, पण विहिरीतलं पाणी फुकट नाही. ते मागच्या पावसानं ठेवलेलं आहे आणि पुढच्या पावसाचा भरवसा कमी झाला आहे.

काष्टीच्या बाजारात बैल विकत घेताना त्याच्याबरोबर वेसण आणि कासरा बघून घ्यायची पद्धत होती. कितीही ताकदीचा बैल असला तरी वेसणीशिवाय त्याला कुणी रानात नेत नसे. सूर्याच्या विजेला वेसण घालायचं काम आता आपलं आहे, कारण ती निसर्गानं घातलेली नाही.

ही वेसण कशी असते ते बघायला लांब जावं लागत नाही. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारनं नव्वदच्या दशकापासून ती घालून दाखवली आहे. तिथं शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, आणि पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडायचा, असे नियम गावानं केले. पाऊस किती झाला, विहिरींना किती चढला, पिण्याला किती ठेवायचं, आणि मग कोणतं पीक घ्यायचं. कायदाही आपल्याकडे आहे. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी साठ मीटरपेक्षा खोल विहीर घ्यायला मनाई आहे. पण बोअरची गाडी रात्री येते आणि सकाळी निघून जाते, हे आपण सगळे पाहतो. कायद्यानं जे झालं नाही ते हिवरे बाजारला ग्रामसभेनं केलं. सावडीचा नियम जसा गावानं पाळला होता, तसाच.

दुसरं उदाहरण गुजरातचं. खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात २०१६ मध्ये सौरपंपवाल्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली. त्यांचे पंप विजेच्या जाळ्याला जोडलेले होते. पाण्याची गरज नसेल तेव्हा पॅनलची वीज संस्थेमार्फत वीज कंपनीला विकायची आणि पैसे घ्यायचे. यातली गोम लक्षात घ्या. उगीच मोटर चालवली तर विकता येणारी वीज वाया जाते. म्हणजे पाणी न उपसण्याचेही पैसे मिळतात. उन्हाचं एक नवं पीक शेतात येतं, आणि तेच पीक विहिरीचं राखण करतं.

हे आपल्याकडे का होऊ नये? लोणीला प्रवरेच्या काठी १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांना एकत्र आणून जे केलं त्याकडे सारा देश बघत राहिला. त्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना विजेची संस्था चालवणं अवघड नाही. साखरेसाठी आपण एकत्र आलो, दुधासाठी आलो. उन्हासाठी का येऊ नये? प्रत्येकाचा वेगळा पंप, वेगळी बोअर आणि वेगळी चढाओढ याऐवजी एका वाहिनीवरच्या शेतकऱ्यांची संस्था, सामाईक सौर प्रकल्प, प्रत्येक पंपाला मीटर, उसालाही ठिबक आणि दिवाळीच्या आत ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद, एवढ्या गोष्टी एका गावानं करून दाखवल्या तरी पुरे. त्याला नवा शोध लावायची गरज नाही. त्याला आपल्याकडे सावड म्हणत होते.

बैलबाजाराचं चित्रही बदललं आहे. नांगरटीला ट्रॅक्टर आला. शर्यतींवरची बंदी उठल्यावर देखण्या खिलार बैलाला पुन्हा लाखांचा भाव मिळू लागला आहे, पण तो धावण्यासाठी, औतासाठी नव्हे. त्याचं मला दुःख नाही. बैलाच्या मानेवरचं जू उतरलं, हे चांगलंच झालं. मोटेच्या धावेवर पुन्हा कुणी जावं, असंही मी म्हणणार नाही.

मात्र त्या काळातला एक धडा बरोबर घेऊन जायला हवा. आपल्या भागात शक्तीची टंचाई होती तेव्हा माणसांनी ती वाटून घेतली. आता शक्ती मुबलक होते आहे आणि टंचाई पाण्याची आहे. तेव्हा वाटून घ्यायला हवं ते पाणी. येत्या वर्षांत आमच्या तालुक्यात हजारो पॅनलं बसतील. त्यांच्या सावलीतल्या विहिरींना एप्रिल-मेमध्येही पाणी असलं, तर ही योजना पोचली असं मी समजेन.